मे महिन्यात पळणारी एस्टीम डिसेंबरात खोकते – ४५ चे वेबर घेऊ का?

काळीमाती (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी १९९७ ची मारुती एस्टीम, कार्बोरेटरवाली, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह. वडिलांनी नवी घेतलेली, जालन्यातच असते. मागच्या वर्षी इंजिन खोललं. रिंगा-बेअरिंग नवे टाकले, हेड घासून घेतलं, जास्त लिफ्टचा कॅम बसवला. वर्षातून दोनतीनदा ऑटोक्रॉसला (माळावर कोन लावून घड्याळाशी शर्यत) नेतो, एरवी एखाद्या रविवारी दौलताबादचा घाट.

कंपनीचा कार्बोरेटर काढून वेबर ४० डीसीओईची (आडवा बसणारा, दोन तोंडांचा कार्बोरेटर) जुनी जोडी बसवली. पुण्यात एकाकडून मिळाली. मॅनिफोल्ड वाळूजला एका वर्कशॉपात बनवून घेतलं. हे सगळं झालं मे महिन्यात, ऊन ४२-४३ डिग्री. गाडी चालू झाली पण स्लोला (पाय न देता इंजिन चालू) काळा धूर, पेट्रोलचा वास, मागे उभं राहिलं की डोळे झोंबायचे. आमचे मिस्त्री चाचा, वय सत्तरच्या पुढे. त्यांनी १३५ चे मेन जेट (पेट्रोल येतं ती पितळी भोकं) काढून ११५ चे टाकले, स्लोचे स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळले, पंप जेट (पाय दाबताच पिचकारी मारतो तो) एक नंबर वाढवला. म्हणाले, "अब देखो मियां, कैसी भागती." आणि भागली की! पावसाळाभर तक्रार नाही.

आता सकाळी ९-१० डिग्री असतं. २५०० ते ३५०० च्या दरम्यान पाय दिला की कार्बोरेटरच्या तोंडातून फट् फट्. परवा ज्वाळासुद्धा दिसली. गाडी धक्के खाते, ४००० च्या पुढे एकदम सुटते, आणि ५५०० ला पुन्हा जीव गेल्यासारखी. चाचांचं म्हणणं, कार्बोरेटर लहान पडतोय, हवा कमी पडतेय, ४५ ची जोडी घ्या. तशी जोडी मिळतेय. किंमत अजून घरात सांगितलेली नाही. काय करू?

झोपाळू

इंजेक्शन लावा आणि झोपा. २००० सालानंतर कार्बोरेटर हा विषय वस्तुसंग्रहालयाचा आहे.

गोदाकाठ

@झोपाळू, तुम्ही झोपाच.

@काळीमाती, आधी गाडीत काय बसलंय ते सांगा. नुसतं "४० चे वेबर" म्हणजे काहीच कळत नाही. ४० हा फक्त बटरफ्लायपाशी असलेल्या भोकाचा व्यास. इंजिन श्वास घेतं तो चोकमधून. हा चोक म्हणजे सकाळी गाडी चालू करताना ओढतो ती दांडी नव्हे (या एका शब्दानं किती भांडणं लावलीत देव जाणे). आतली अरुंद नळी, वेंचुरी, तिलाच वेबरवाले चोक म्हणतात, आणि ती बदलता येते. पुढची तुतारी काढा, आधी लहान वेंचुरी बाहेर येईल, तिच्यामागे मोठी. तिच्यावर आकडा ठोकलेला असतो. मेन जेट, एअर जेट (हवेचं भोक), इमल्शन ट्यूब (हवा-पेट्रोल मिसळणारी भोकांची नळी), आयडल जेट (स्लोच्या पेट्रोलचा) सगळ्यांवरचे आकडे भिंग घेऊन वाचा आणि इथे टाका. पेट्रोलचा पंप कोणता तेही.

काळीमाती

दोन तास गेले, एक स्क्रू इंजिनाखाली हरवला तो चुंबकानं काढला. घ्या आकडे:

चोक ३४. मेन ११५ (आधी १३५). एअर १८५. ट्यूब एफ १६. आयडल ५५ एफ ९. पंप कंपनीचाच, इंजिनावर चालणारा.

अवांतर: पहिल्यांदा चाचांनी एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवाल्या) गाडीचा टाकीतला पंप लावून बघितला होता. चावी फिरवल्याबरोबर दोन्ही कार्बोरेटरांतून पेट्रोलची कारंजी. नशीब, जवळ कोणी बिडी ओढत नव्हतं.

फिरता फ्लोट

कारंजं होणारच. इंजेक्शनचा पंप ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो, डीसीओईच्या सुईला (वाटीत पेट्रोल सोडणारी झडप, फ्लोट तरंगला की बंद होते) ३ ते साडेतीन पुरे. त्याच्या वर सुई उचलली जाते आणि फ्लोट बिचारा बघत राहतो.

आता आकड्यांकडे. मी नांदेडला असतो, नोकरी सिंचनखात्यात झाली, त्यामुळे नळीतून वाहणाऱ्या गोष्टींवर बोलायचा थोडा हक्क आहे.

तुमची जोडी दोन लिटरच्या कुठल्यातरी इंजिनावरून उतरवलेली आहे हे आकडेच सांगतात. चोकला चारनं गुणलं की मेन जेटचा अंदाज मिळतो, त्यात ५० मिळवले की एअर जेटचा. ३४ चौक १३६, म्हणजे १३५, आणि १८५. अगदी पुस्तकी सेट आहे, फक्त तुमच्या इंजिनाचा नाही.

तुमचं एक सिलेंडर सव्वातीनशे सीसीचं. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र नळी असेल तर चोकचा जुना ठोकताळा असा: सिलेंडरचं आकारमान लिटरमध्ये, गुणिले जास्तीत जास्त ताकदीचे आरपीएम हजारात, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०. म्हणजे ०.३२४ गुणिले ६.५, वर्गमूळ १.४५, उत्तर २९ मिलिमीटर. तुमच्याकडे ३४ आहे. क्षेत्रफळात हिशोब केला तर ३७ टक्के जास्त. आणि तुम्ही ४५ घ्यायला निघालात!

चाचांचा समज चुकीचा म्हणणार नाही, तो सगळीकडे आहे. मोठं भोक म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. पण कार्बोरेटर हवेला ढकलत नाही. हवा इंजिन ओढतं, आणि जेवढी ओढायची तेवढीच ओढतं. साडेसहा हजार आरपीएमला तुमचं इंजिन मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढेल (दर दोन फेऱ्यांना एकदा भरतं, आणि पूर्ण कधीच भरत नाही, ८५ टक्के धरलं). हीच हवा अरुंद नळीतून गेली तर वेग वाढतो, वेग वाढला की दाब पडतो, आणि त्या पडलेल्या दाबावर पेट्रोल वर चढतं. ज्वारीच्या रानात पाट रुंद केला की पाणी पसरतं आणि धार जाते, तसंच. २५०० आरपीएमला ३४ च्या नळीत हवेचा वेगच नाही, मग मेन जेटमधून पेट्रोल यायला उशीर होतो. तोवर आयडल सर्किट एकटं ओढत असतं, त्याचा दम संपतो, मेन अजून आलेलं नसतं. तुमचे २५०० ते ३५०० म्हणजे नेमका हा खड्डा. त्यात ३४ च्या चोकला ११५ चा जेट. मेन चालू झालं तरी उपाशीच. ५५०० ला जीव जातो तो म्हणून, हवा कमी पडते म्हणून नव्हे. कार्बोरेटरच्या तोंडातून फट् हे बहुतेक वेळा पेट्रोल कमी असल्याचं लक्षण. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इनटेक व्हॉल्व्ह उघडला तरी आत धग शिल्लक असते.

आणि मे महिन्यातला धूर. स्लोला आणि तीनेक हजारापर्यंत हलक्या पायावर मेन जेट काम करतच नाही, तिथे सगळा कारभार आयडल जेटचा. ५५ चा आयडल तेराशे सीसीला जास्त, ४० किंवा ४५ हवा. धूर गेला तो स्क्रू आवळल्यामुळे. श्रेय मिळालं मेन जेटला. ही चूक मी स्वतः एका पद्मिनीवर दोन वर्षं केलेली आहे, म्हणून लगेच ओळखली. जेटला हात लावण्याआधी तक्रार कोणत्या आरपीएमला आणि किती पायावर आहे ते बघायचं, आणि तिथे कोणता जेट बोलतोय ते ओळखायचं.

काळीमाती

बाप रे. दोनदा वाचलं. पण मग मे महिन्यात का पळाली? चोक तोच, जेट तोच.

फिरता फ्लोट

हवेमुळे. ४३ डिग्रीची हवा १० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, वेग कळतो. हवा विरळ झाली की मिश्रण आपोआप घट्ट होतं (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त), घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे पाचेक टक्के. मे महिन्यानं तुमची चूक झाकली, थंडीनं उघडी पाडली. प्लस जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, तिथेही थोडी सूट मिळते. मुंबईच्या माणसाचा सेट आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही तो यामुळेच.

ऊसकरी

मी बघायलो, इथं कुणी पेट्रोलबद्दल काहीच बोलंना. मी लातूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. तुमच्या टाकीत जे पडतंय त्यातला पाचवा हिस्सा आम्हीच बनवायलाव की ओ!

गंमत सोडा. २०२२ च्या मध्यापर्यंत देशभर १० टक्के इथेनॉल झालं, २०२५ मध्ये २० वर गेलं. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन पाहिजे. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो बघून घेतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं एक भोक, त्याला काय माहीत टाकीत काय आलंय? वेबरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढवायला व्यास चारच टक्के वाढवावा लागतो. १२० चा १२५. जुन्या पुस्तकातल्या कुठल्याही आकड्यावर एक पायरी चढा, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरं, रबर. जुने डायफ्राम, नळ्या, ओ रिंगा इथेनॉलनं फुगतात नाहीतर तडकतात. विटॉनचे (इथेनॉल सोसणारं रबर) घ्या. तिसरं, पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि गाडी दोन महिने उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत तळाला पांढरी भुकटी सापडते. तो मिश्रधातू खाल्ला गेल्याचा पुरावा. ऑटोक्रॉसहून आलात की वाट्या रिकाम्या करून ठेवत जा.

ऑक्टेन मात्र वाढतं बरं का. हेड घासलंय तर त्याचा फायदा घ्या.

वाळूज टर्नर

२९ चे चोक बाजारात शोधत बसू नका, २८ आणि ३० मिळतील. २९ पाहिजे असतील तर मी लेथवर ॲल्युमिनियमचे काढून देतो. आत येतानाचा उतार तिखट, बाहेर पडतानाचा हळुवार, सात अंश. बाहेर पडतानाच घाई केली तर हवा भिंत सोडते आणि चोक वाया. चारही एकसारखे पाहिजेत, अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या आत. आमच्याकडे ०.०१ मिलिमीटर बघायची सवय आहे, बजाजला पार्ट देतो.

एक विचारायचं राहिलं. कार्बोरेटर मॅनिफोल्डला घट्ट आवळलेत का? डीसीओई आडवा बसतो, चार सिलेंडरच्या थरथरीनं वाटीतल्या पेट्रोलला फेस येतो. मध्ये ओ रिंगवाली प्लेट आणि नटाखाली स्प्रिंगसारखे दुहेरी वॉशर पाहिजेत, साधारण एक मिलिमीटर फट राहील एवढेच आवळायचे. कार्बोरेटर हातानं किंचित हलला पाहिजे. लोकांना हे बघवत नाही, पान्यानं कचकचून आवळतात.

काळीमाती

कचकचून आवळलेत.

वाळूज टर्नर

😀 मला वाटलंच.

जिप्सीवाला नांदेड

माझं मत जरा वेगळं. ऑटोक्रॉस वर्षातून तीनदा, उरलेले ३६२ दिवस रस्ता. मग जोडी कशाला? वेबरचा ३२/३६ डीजीव्ही घ्या, दोन नळ्यांचा, उभा बसतो. आधी लहान नळी उघडते, पाय दाबला की मोठी. तिकडे अमेरिकेत सुझुकी सामुराईला हाच लावतात, आणि तिचं १३०० चं इंजिन तुमच्या एस्टीमच्याच जी १३ घराण्यातलं. माझ्या जिप्सीत तीन वर्षं आहे. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायची भानगड नाही, ॲव्हरेज बरं. एकट्यानं सगळ्यांना वाढलं की भांडण होत नाही.

फिरता फ्लोट

नवं घेणार असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण त्यांच्याकडे जोडी आहे, मॅनिफोल्ड आहे, चोक-जेटचा खर्च त्यापुढे किरकोळ. आणि वरच्या आरपीएमला चार स्वतंत्र नळ्यांना तोड नाही.

मुक्ता जोशी-नाही

बाबांच्या फियाटमुळे या विषयात पडलेली, पेशानं इन्स्ट्रुमेंटेशनवाली. दोन मुद्दे.

इमल्शन ट्यूब एफ १६ काढा. सिलेंडरमागे २५० ते ३२५ सीसीला एफ ११, २७५ ते ४०० ला एफ १५ असा तक्ता आहे. तुम्ही नेमके दोन्हींत बसता. मी एफ ११ नं सुरुवात करेन.

प्लगचा रंग बघून जेट ठरवायचे दिवस गेले. आजच्या पेट्रोलवर प्लग बिस्किटासारखा तपकिरी होतच नाही, पांढरट दिसतो आणि लोक घाबरून जेट वाढवतात. सायलेन्सरच्या पाइपात नट वेल्ड करून वाइडबँड सेन्सर लावा. त्यात गंमत अशी की सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल की इथेनॉल याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. डायलवर पेट्रोलची पट्टी छापलेली असली तरी पूर्ण पायावर १२.५ ते १३ (एका भाग इंधनाला तेवढे भाग हवा) दिसलं की झालं, इथेनॉलसाठी वेगळा हिशोब करू नका. तो जेट निवडताना करायचा, मीटर वाचताना नाही.

ऊसकरी

@मुक्ता, एफ १५ का नको? कडेवरच्या इंजिनाला मोठी ट्यूब बरी की.

मुक्ता जोशी-नाही

एफ १५ ला विरोध नाही. दोन्ही आणून बघणं हेच खरं उत्तर, पण चार ट्यूबांचे पैसे दोनदा कोण देणार. घरात अजून पहिलीच किंमत सांगायची आहे म्हणे.

गोदाकाठ

रस्त्यावरच्या गाडीत फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम एकदा वाचून ठेवा. आणि पीयूसी. बाकी चालू द्या.

अवांतर: स्क्रूची दिशा. वेबरच्या स्लोचा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. बऱ्याच बाइकच्या कार्बोरेटरला एअर स्क्रू असतो, तो बाहेर काढला की पातळ. बाइकवर हात बसलेले मिस्त्री इथे उलटं फिरवतात. तसंच मिकुनीच्या (बाइकचा कार्बोरेटर) षटकोनी जेटवरचा आकडा किती पेट्रोल वाहतं त्याचा असतो, व्यासाचा नाही. वेबरशी जुळवू नका.

काळीमाती (चार महिन्यांनी)

उशीर झाला, मध्ये हरभऱ्याची काढणी आली.

आधी चाचांना धाग्याची गोष्ट सांगितली. वाईट वाटेल अशी भीती होती. पाटाचं उदाहरण ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, "हौ, बात तो सही है. पैले बताना था ना." आणि स्वतः हातोडा बाजूला ठेवून जेटच्या डब्या धुवायला बसले.

काय केलं: टर्नरसाहेबांकडून २९ चे चार चोक. मेन १२०, म्हणजे २९ चौक ११६ वर इथेनॉलची एक पायरी. एअर १७०. एफ ११. आयडल ४५ एफ ९. पंप जेट मूळ नंबरवर आणला. ओ रिंगवाल्या प्लेट टाकल्या. त्याआधी टॅपेट आणि टायमिंग बघून घेतलं, डिस्ट्रिब्युटरचं व्हॅक्यूम पाइप एका बाजूनं फाटलेलं निघालं! दोन्ही कार्बोरेटर बॅलन्स करायला मीटर नव्हतं, चाचांनी गॅसची रबरी नळी कानाला लावून चारही तोंडांचा आवाज जुळवला. नंतर मित्राच्या मीटरवर ताडून बघितलं, फरक नगण्य. याला म्हणतात कान.

निकाल. खोकला गेला. २२०० पासून पाय द्या, विनातक्रार उचलते. वाइडबँडवर पूर्ण पायाला १२.७ ते १३. मार्चमध्ये १२.२ पर्यंत घट्ट व्हायला लागली तेव्हा मेन ११५ केले, पुन्हा जागेवर आली. आता डब्यावर दोन चिठ्ठ्या आहेत, "हिवाळा" आणि "ऊन". प्रामाणिकपणे सांगायचं तर ६००० च्या वर ३४ च्या चोकला जो मोकळा आवाज होता तो आता नाही. पण आवाजच होता बहुतेक, कारण गेल्या महिन्यात माळावरच्या त्याच कोनांच्या ट्रॅकवर स्वतःचाच वेळ तीन सेकंदांनी कमी झाला.

एक दुखणं शिल्लक. दुपारी गाडी पळवून बंद केली आणि दहा मिनिटांनी चालू करायला गेलो की स्टार्टर फिरत राहतो. पेट्रोलचा वास येतो.

फिरता फ्लोट

वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतंय. इंजिनाची धग वाटीपर्यंत पोचतेय. मधे ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा घाला आणि मॅनिफोल्डच्या जोडाला बेकलाइटचा जाड तुकडा. तोवर चालू करताना पाय पूर्ण दाबून ठेवा, पंप करू नका. बॉनेट उघडून उभी करणं हा आपला परभणी पॅटर्न आहेच.

काळीमाती

बेकलाइट शोधतो. ४५ ची जोडी रद्द केली, घरी काहीच सांगावं लागलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

कॉन्टेसा ८८

सगळा धागा आज वाचला. माझी कॉन्टेसा क्लासिक, १८१७ सीसीचं इसुझू इंजिन, ४० च्या जोडीत ३० चे चोक आहेत. वरचा ठोकताळा लावला तर सहा हजाराला उत्तर ३३ येतंय.

ते ३४ चे चार चोक आणि १३५ चे जेट विकायचे आहेत का? धाराशिवहून येऊन घेऊन जातो.